एकच भाव

अनसूयक्कानं प्रबंधाचं पहिलं पान
साखर पेठेत लिहिलं, मागांच्या खडखडाटात,
कांड्यांच्या पेटीवर वही ठेवून.
वडील तेलुगूत ओरडायचे, दिवा बंद कर, बिल येतं.
ती मराठीत कायदा लिहायची
आणि इंग्रजीत खोडायची.

पुढे लॉ कॉलेजात वीस वर्षं.
फळ्यावर दर जूनला तेच वाक्य:
करार कागदावर नसतो, चहाच्या कपात असतो.
पोरं हसायची.
मग ती म्हणायची, सूतबाजारात जाऊन या,
अकरा दुकानांत भाव विचारा.
पोरं जायची. यायची.
अकरा वह्यांत एकच आकडा,
पैशांसकट.

दिल्लीहून आयोगाचं पत्र आलं तेव्हा तिनं
आधी ग्रंथालयाची पुस्तकं परत केली,
सात रुपये दंड भरला, पावती घेतली.
स्टेशनवर आईनं शेंगाचटणीचा डबा दिला,
म्हणाली, मोठ्या माणसांशी भांडू नको गं.
अक्का म्हणाली, त्याचाच तर पगार आहे.

सिमेंट, टायर, औषधं.
पेपरात तिचं नाव बारीक अक्षरात यायचं,
दंडाचा आकडा ठळक.
मी कात्रणं ठेवायचो. शून्यं मोजता मोजता
कांडी संपलेली कळायची नाही.

गेल्या वर्षी त्या अकरा दुकानांवर छापे पडले.
आम्ही पेढे वाटले.
चार महिन्यांनी नोटीस आली, ती आमच्या टॉवेल संघाला.
सूत महागलं म्हणून देवळामागच्या खोलीत बसून
बेचाळीस मागवाल्यांनी ठरवला होता
डझनाचा भाव. एकच.
चहा मीच सांगितला होता.

फोन केला. अक्का, आठ माग आहेत माझे. आठ.
बराच वेळ तिकडचा पंखा ऐकू आला.
मग वर्गातल्या आवाजात म्हणाली,
या सुनावणीत मी बसणार नाही, तसं लिहून दिलंय.
आणि घरातल्या आवाजात,
खोटं बोलू नकोस, मल्लेशा.
चहा कुणी सांगितला असं विचारलं
तर सांग.

रात्री माग बंद केले. कानात नुसती दडी.
कांड्यांच्या पेटीत तिची जुनी वही निघाली.
समासात पेन्सिलीनं एक ओळ,
खोडलेली नाही, पुढे काही लिहिलेलंही नाही:
लहानांनी एकत्र यायचं, तर कुठं?

त्याखाली माझ्या अक्षरात, तिसरीतल्या,
सुताचा हिशोब.
तोही चुकलेला.