एकाचं मीठ

इचलकरंजीला लग्न होतं, चुलत नणंदेच्या पोरीचं.
टेम्पो सकाळी सहाला आला.
म्हशीचे दिवस भरलेले, कुणीतरी घरी राहायला हवं,
तर मी म्हटलं, मी राहते.
जरा पटकनच म्हटलं.
थोरल्या जाऊबाईंनी बघितलं माझ्याकडं.

पंधरा माणसं चढली.
सुकुमारभावजींनी दोनदा मोजली, दोन्हीदा चौदा आली,
मग अरिंजयला टाकीमागनं ओढून काढला.
समडोळीच्या वेशीतनं टेम्पो सांगलीकडं वळला,
धूळ बसली,
आणि मी आतनं कडी लावली.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
ही कडी दिवसाउजेडी पहिल्यांदा लावली.

न्हाणीत गेले.
"काकू, माझी बस चुकंल" नाही,
"झालं का गं" नाही,
दारावर थाप नाही.
तीन बादल्या घेतल्या, कढत,
शेवटची नुसतीच, ओतायची म्हणून.
दर साली उसाचं बिल आलं की दुसरी न्हाणी बांधायचं ठरतं.
एका साली बोअर आटली, एका साली प्रज्ञाची फी,
एका साली पुराचं पाणी खिडकीच्या गजापर्यंत,
तेव्हा तर सगळ्या घराचीच न्हाणी झाली.
विटा तेवढ्या आणून ठेवल्यात.
त्यांवर सासूबाई सांडगे वाळवतात.

मग पंख्याखाली आडवी झाले, अगदी मधोमध,
जिथं मामंजींशिवाय कुणी निजत नाही.
रिमोट हातात. चॅनेल बदलत राहिले,
बघितलं काहीच नाही.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
दुपारपर्यंत फार बरं वाटलं.

भूक लागली.
परात काढली, डबा उघडला,
हात रोजच्यासारखा कोपरापर्यंत पिठात गेला
आणि तिथंच थांबला.
एका माणसाचं पीठ किती?
सोळाची डाळ मला पाठ आहे,
तीन वाट्या, वर मूठभर,
आणि पाहुणा आला तर पाणी.
एवढ्याशा तेलात फोडणी करपली.
मग मीठ.
सोळाचं मीठ हाताला येतं, न बघता,
कडेवर पोर असताना,
जाऊबाईंशी अबोला असताना सुद्धा.
एकाचं मला कुणी शिकवलंच नव्हतं.
माहेरी आम्ही अकरा.
चिमूट घेतली, कमी वाटली.
अजून एक घेतली, शंका आली.
मग मूठच गेली.
भाकरी जाड झाली ती वेगळीच.
ओट्याला टेकून उभ्याउभ्या खाल्लं,
एकटीसाठी पाट कुठं मांडायचा.

दिवस कलला.
सासूबाईंचं अंथऊ असतं,
सूर्य बुडायच्या आत त्या जेवून उठतात.
रोज धाकटा अंगणात उभा राहून ओरडतो,
"आज्जी, ऊन कौलावर गेलं! लवकर खा!"
आणि त्या मुद्दाम सावकाश खातात.
आज ऊन भिंतीवरनं चढलं, विटांवरनं चढलं,
कौलावर गेलं.
म्हशीला सांगितलं.
तिनं एक कान हलवला.

रात्री साडेअकराला दिवे दिसले.
झोपलेली पोरं खांद्यांवर,
पिशवीत बुंदीचे लाडू, त्यांचा चुरा झालेला,
शांतिनाथभावजींची एक चप्पल लग्नात हरवलेली,
दुसरी जपून का आणली ते कुणाला कळेना.
"व्याली का?" सासूबाई.
"नाही अजून."
"मग एवढं राहून काय केलंस?"
न्हाणीपुढं रांग लागली होती.
कुणीतरी ओरडलं, कढत पाणी संपलंय.
मी आमटीचं पातेलं पुसत उभी.

थोरल्या जाऊबाईंनी झाकण उचललं,
बोट बुडवून चाटलं
आणि सकाळसारखंच बघितलं माझ्याकडं.
"खारट केलीस गं."
"झाली."
"दोन तांबे पाणी घाल.
पुरुष माणसं नुसती वाढत होती तिथं,
परत जेवायला बसणार."