चौथं घर

फेब्रुवारी हा चिकट महिना, दोन दिवस कापूनच देतो.
अठ्ठावीस तारीख, संध्याकाळचे पाच,
डुलूथमध्ये उणे एकोणीस,
आणि माझ्या नावापुढे अजून एक गाडी कमी.

तेवढ्यात ती आली. लोर्ना हाक्काला.
बुटांना मीठ, कोटावर काउंटीचा बिल्ला.
चकचकीत फरशीवर पांढरे ठसे उमटवत
सरळ काळ्या गाडीपाशी गेली
आणि बॉनेटवर हात ठेवला,
गोठ्यात शिरल्यावर ठेवतात तसा.

"पाचशे तीन अश्वशक्ती," मी सुरू केलं,
"शून्य ते साठ अवघ्या..."
"वाचलंय ते. महिन्याचे किती?"

मी कागदावर चार चौकोन आखले.
नऊशे बेचाळीस.
तिच्याच गल्लीचा पत्ता मी तिला चुकीचा सांगावा
तसं तिने त्या आकड्याकडे पाहिलं
आणि खिशातून स्वतःचा कागद काढला:
किराणाची पावती, पाठीवर पेन्सिलीचं गणित.

"नवी नकोच. गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकांना
दिवसभर फिरवायला देता ना, ती मागची राखाडी,
चार हजार मैल झालेली. चौसष्ट हजार धरा.
तीन वर्षांनी पंचेचाळीस उरतील
असं तुमचीच कंपनी म्हणते.
मधल्या घसाऱ्याचे मी देते. नाव गाडीवर तुमचंच राहू दे."

मी काचेच्या केबिनमध्ये गेलो.
तिथे थोडा वेळ काढायचा असतो,
आपण गिऱ्हाइकासाठी भांडतोय असं बाहेरून दिसावं म्हणून.
ब्रँट सँडविच खात होता. आम्ही हॉकीवर बोललो.
मग त्याने बोटाला लागलेली मोहरी पुसून लिहिलं:
सातशे सहा.

लोर्नाने मोबाईलवर एक गुणाकार केला. परत केला.
"व्याजाचा गुणक. शून्य पूर्णांक, शून्य शून्य एक सात पाच.
बँक मागते एक दोन पाच.
वरचे पाच कुणाच्या पोटात?"

पाचशे तीन घोडे मागे बर्फात उभे,
आणि घोडं पेंड खात होतं
दशांशचिन्हापुढच्या चौथ्या घरात.
महिन्याला पंचावन्न डॉलर.
छत्तीस महिन्यांचे दोन हजाराला वीस कमी.

मी काही बोललो नाही.
खरं तर ते पाच आजवर कुणी मोजलेच नव्हते.

ब्रँटकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हॉकी निघाली नाही.

तो खालच्या मजल्यावर फोन लावेपर्यंत
मी तिला विचारलं, हीच का? एवढी वेगवान?
"एकोणीस हिवाळे बर्फ उपसायचा ट्रक चालवतेय मी,"
ती म्हणाली, "हायवे एकसष्टवर, तासाला पंचवीस मैल.
मागे रांग लागते, भोंगे वाजतात, कुणी हातवारे करतो.
अरे, तुमच्यासाठीच तर मोकळा करतेय रस्ता!
मोकळा झाला की ते सुसाट जातात,
आणि मी डेपोत."
पावतीची घडी घालत म्हणाली,
"ठेवायची नाहीये मला ती कायमची.
तीन वर्षं. सुट्टीच्या दिवशी. मागून."

सहाशे एक्कावन्न. ब्रँटने कागद सरकवला तो न बघता.
वर्षाला दहा हजार मैल, त्यापुढे प्रत्येक मैलाला पंचवीस सेंट,
मी वाचून दाखवत होतो, ती माना डोलवत होती,
सही करायला पेन टेकवलं, आणि थांबली.

"रबरी पायपुसणी?"

ती गाडीत नव्हती. ब्रँटने काचेआडून मान हलवली:
नाही म्हणजे नाही.
तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मीही.
खालच्या मिठाचं आता डबकं झालं होतं.

सुट्या भागांच्या खिडकीवर
कर्मचारी सवलत धरून एकशे चाळीस झाले.
त्या गाडीवर मला मिळायचे होते दोनशे.

पुढची दोन मी बसवली, मागची तिने,
उणे एकोणीसमध्ये, दारं उघडी टाकून.
"भाव तुम्हाला करता येत नाही," ती आतून म्हणाली.