उलट्या केसांतून

आलारिकला बोटीनं पलीकडच्या इस्पितळात नेलं
तेव्हा त्यानं कुत्रा माझ्या हाती दिला, आणि एक चिमटा.
"रोज संध्याकाळी," म्हणाला, "कानामागं, काखेत,
पंजाच्या बेचक्यांत. उलट्या केसांतून हात फिरव.
घाई करू नकोस. डोकं आत राहतं."

आमच्या बेटावर माणसं थोडी, हरणं फार.
जुनिपरच्या झुडपांखाली गवत गुडघाभर
आणि पात्याच्या टोकाला
पुढचे पाय पसरून कुणीतरी वाट पाहत बसलेलं.
आमच्या बोलीत गोचिडीला 'चिकटणारी' म्हणतात.
दुसरं नाव शोधायची कुणाला गरज पडली नाही.

पहिल्या आठवड्यात मी लुडेची चामखीळच उपटायला निघाले होते.
त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.
मी चष्मा लावला, माफी मागितली.

मग आलारिकची पत्रं आणायला त्याच्या घरी गेले
तर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
मे, जून, जुलै, पाच-पाचांच्या जुड्या.
लोक पोरांची उंची जिथं नोंदवतात तिथं
यानं गोचिडी मोजलेल्या, बारा उन्हाळे.
इंगेगेर्ड गेली त्या आठवड्यातसुद्धा खाडा नव्हता.

माझ्या घरी आधीपासून ग्रिता.
चार किलोंची मांजर, चाळीस किलोंचा रुबाब.
महिनाभर फ्रिजवरून फिस्कारली.
मग एका रात्री
(जूनमध्ये इथं अंधार पडत नाही, उजेड फक्त कूस बदलतो)
पाहते तर लुडेच्या मानेतल्या दाट केसांत
तोंड खुपसून झोपलेली.

आणि मग पिसवा.
कुणी कुणाला दिल्या, दोघंही बोलेनात.
माझ्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके, उडणारे.
चादरी उकळल्या, गालिचे कुंपणावर झोडपले,
मंगळवारच्या बोटीनं डॉक्टर वीवेका आली.
"हे थेंब कुत्र्याच्या मानेवर. मांजरीचं औषध वेगळं.
त्याचं हिला लागलं तर विष आहे.
तीन दिवस दोघांत दार ठेव."

ग्रिता जिथं तोंड खुपसायची
नेमक्या त्याच जागी मी औषध ओतलं.

तीन दिवस दाराखालून एक काळा पंजा यायचा,
फरशी चाचपायचा.
पलीकडं एक ओलं नाक, फुसफुसणारं.
मी मधे. कोपरापर्यंत हात धुऊन
कधी या बाजूला, कधी त्या,
निरोप नसलेल्या पोस्टमनसारखी.

चौथ्या सकाळी दार उघडलं.
लुडेचं सगळं अंग शेपटी झालेलं.
ग्रिता त्याच्या पायांखालून सरळ निघाली,
तिच्या वाटीपाशी थांबली, वाटी रिकामी म्हणून
माझ्याकडे पाहून ओरडली.

संध्याकाळी इस्पितळातून फोन.
आलारिकचा आवाज लांबून आल्यासारखा, पातळ.
तब्येतीचं विचारलं, ते त्यानं ऐकलंच नाही.
"किती?"
"आज एकही नाही."
बराच वेळ नुसता श्वास.
"काखेत पाहिलंस?"

फोन ठेवला. पुन्हा पाहिलं.
डाव्या काखेत, खसखशीएवढी,
वाळलेली. बोट लागताच सुटून आली.

तिला कागदात गुंडाळून त्याच्या घरी गेले,
चौकटीपुढं पेन्सिल घेऊन उभी राहिले.
मेलेली मोजायची की नाही
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.