दोनशेपर्यंत

मस्कतच्या या वस्तीचं नाव घाला.
गावी सांगितलं की विचारतात, काय घालू?
गोदामं, टायरवाले, एक बंद पडलेली बेकरी,
आणि तिच्यामागे आमची प्रयोगशाळा.

खल्फान मरमूलहून रात्रभर गाडी हाकत येतो,
टेबलावर पिशव्या मांडतो,
मांजरपाटाच्या, शाईने खोली लिहिलेल्या.
"दगड," म्हणतो. "वरची वाळू फुकट."

मग आम्ल. काचेलाही खाणारं,
म्हणून प्लास्टिकच्या भांड्यात.
खिशात मलमाची ट्यूब ठेवायची, एक थेंब पुरतो
हाडापर्यंत जायला.
खडक विरघळतो. गारगोटी, चिकणमाती, सगळा डौल,
आणि डोळ्याला कधी दिसलंच नव्हतं
ते तेवढं उरतं,
चाळणीवर चिमूटभर काळपट गाळ.

अठ्ठावीस कोटी वर्षांचा.
इथे तेव्हा बर्फ नुकतं हटलं होतं.

रंग आधी बघायचा.
पिवळा म्हणजे अजून कच्चं,
तांबूस म्हणजे भाजत आलंय,
काळं झालं तर करपलं, त्या थराखाली तेल शोधू नका.
भाकरी करणाऱ्या कुणालाही जमेल हे,
पण पगार मला देतात.

काही बीजाणूंच्या एका अंगावर तीन रेघा असतात,
एका बिंदूतून फुटलेल्या.
एका पेशीतून चौघं होतात, एकमेकांना टेकून,
टेकल्याचा वळ राहतो,
मग वारा.
बाकीची तिघं कुठे पडली, हे शोधायचं नसतं.
तक्त्यात लिहायचं: एक.

नस्रा विचारते, सतरा नंबरच्या विहिरीतला हा थर
बावीसमध्ये आहे का?
मध्ये चाळीस किलोमीटर नुसतं सपाट ऊन.
तिकडचा वालुकाश्म लाल, इकडचा राखाडी,
नुसतं बघून कुणी नातं जुळवणार नाही.
"आहे. एकशेबहात्तर मीटर खाली गेलाय."
"कशावरून?"
"इथे दोनशेत एकसष्ट पट्टेदार. तिथे अठ्ठावन्न."
ती माझ्याकडे बघते, मग पेन्सिल घेते
आणि दोन विहिरींमध्ये तिरकी रेघ ओढते.
तेवढ्या रेघेवर पुढची विहीर खोदतात.

हे पट्टेदार, दोन फुगे लावलेले पराग
मी पहिल्यांदा पाहिले ते नागपुरात, कॉलेजच्या काचपट्टीवर.
लेबल होतं: घुग्घुस, कोळसा.
माझं गाव.
बाबा तिथल्या काटाघरात ट्रक तोलायचे,
भरलेला, मग रिकामा, वजाबाकी, सही.
हेच पराग त्यांच्या नखांत, हिशेबाच्या वहीत,
चहावर आलेल्या सायीत.
मधला समुद्र नंतरचा आहे.

शुक्रवारी फोनवर विचारतात,
"काय करतं वो तू दिवसभर तिथं?"
"मोजते."
"कितीपर्यंत?"
"दोनशे."
"बस?" म्हणतात. "आमचे तर एका पाळीत तीनशे ट्रक होत."
मग टीव्हीचा आवाज वाढतो.

आज एकशे चव्वेचाळीसनंतर एक वेगळाच दिसला.
लांबट, एकच खाच, आत अजून रस,
आणि रंग म्हणावा असा काही नाहीच.
वरचा थर खाली ढासळला असेल म्हणून
पुन्हा तपासलं. वर कुठेच नाही.
मग आठवलं, रिकाम्या पिशव्या खल्फान घरी नेतो.
फेब्रुवारीत नर खजुराचा पराग त्यात बांधून
झाडावर चढतो, मादीच्या घोसांवर झाडतो,
आजोबांनी दाखवलं तसं.
एक पिशवी न झटकता परत आली.

असा दाणा मोजणीत धरत नाहीत.
शेऱ्यात लिहिलं: खजूर, एक, यंदाचा.
खल्फानला सांगायला हवं, पिशव्या धुऊन आण.
एकशे पंचेचाळीस.