पाव फेरा

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे माझी खोली.
एक टेस्ट बेंच, सहा काचेच्या नळ्या,
दारावर कुणीतरी खडूने लिहिलेलं:
पंपवाली बाई आत आहे.
मी ते पुसलं नाही. पत्ता म्हणून बरं आहे.

हसुराम घरतने आधी ट्रक दारात लावला,
मग रामराम केला.
विमानतळात शेत गेलं, त्या पैशातून
भावाने बंगला बांधला, ह्याने हा घेतला,
जुना, सहा सिलिंडरचा, कपाळाला काळी बाहुली.
"बाय, कॉइल भरून खंडाल्याला चढतो ना,
दुसऱ्या गेअरवर येतंय. मागचे हॉर्न मारतान.
दोन टर्बो बसव."

दोन म्हणजे शेजारी शेजारी नव्हे.
एकाच्या तोंडाला दुसरा.

थोरला तळोज्याच्या भंगारातला,
कुठल्याशा जनरेटरचा, कलिंगडाएवढा.
धाकटा मूळचाच, सोललेल्या नारळाएवढा.
इंजिनचा धूर आधी धाकट्याला फिरवतो,
उरलेल्या उष्णतेवर थोरला उठतो
सावकाश, सुट्टीच्या दिवशी उठावं तसा.
हवेचं मात्र उलट:
थोरला ओढतो, दाबतो,
आणि धाकट्याच्या हाती देतो: घे, अजून दाब.

पाइप वाकवता वाकवता शौकत वणू म्हणाला,
म्हणजे बेरीजच की.
नाही हो शौकतभाई, गुणाकार.
अडीच आणि दोन, साडेचार नव्हेत,
पाच.
त्याने ते कोळशाने फरशीवर मांडून पाहिलं,
थोडा वेळ उकिडवा बसून राहिला,
मग कुणी न सांगता
हेडचे बोल्ट बदलायला घेतले.

पहिल्या रात्री रबरी नळी सुटली.
बार उडाल्यासारखा आवाज. समोरच्या ढाब्यावर
रोटी थापणारा हात हवेतच थांबला.

दुसऱ्या रात्री तापमानाचा काटा सातशेच्या पुढे
आणि अंधारात पाइप लाल, आतून लाल,
इतका देखणा की शौकतभाईचा पोरगा मोबाइल काढायला धावला.
मी ओरडले, बंद कर आधी!
लोखंड देखणं दिसायला लागलं
की समजावं, काहीतरी वितळायच्या बेतात आहे.

तिसऱ्या रात्री पंप माझ्या बेंचवर.
हजार ठोक्यांना किती डिझेल, सहा नळ्यांत
सहा रेघा. चौथी नेहमी एक रेघ मागे.
तिला समजावण्यात बारा वाजले.

हसुरामला धूर हवा होता.
"असा काला सोडला पायजे बाय,
का मागच्याने दिवसा लाइट लावावा."
मी म्हटलं, धूर म्हणजे न जळलेले पैसे.
तो बॉनेटवरची धूळ बोटाने पुसत राहिला.
"आमची जमीन गेली ना,
तवा धूरपन नाय निंगाला."

ह्यावर माझ्याकडे कुठली रेघ नव्हती.
मी स्क्रू ड्रायव्हर उचलला,
त्याच्या देखत एक फेरा आत दिला.
तो खूश होऊन चहा सांगायला गेला.
मी पाव फेरा मागे घेतला,
चेकनट आवळला, वर लाखेचं सील.

पहाटे चारला फोन.
एक बारीक शिट्टी, तिच्याखाली दुसरी, जाडी,
आणि ह्या दोघींच्या मधून हसुराम:
"बाय, चौथ्यात हाय! भरलेली, नि चौथ्यात!"
मग जरा थांबून,
"आरशात धूर दिसत नाय."

अजून अंधार आहे, मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला.
फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला असावा.
मी अंथरुणात बसून ऐकत राहिले,
धाकटी शिट्टी, थोरली शिट्टी,
मध्येच वेस्टगेटचा सुस्कारा,
बोगदा येईपर्यंत.