आतलं गेट

ड्रॉच्या चिठ्ठ्या पितळी तांब्यातून काढतात.
क्लार्क हात घालताना डोळे मिटतो,
जणू आत विंचू आहे.
एक नंबर आला की ट्रेनर पान थुंकतो
आणि म्हणतो, नशीब.

मी नशीब म्हणत नाही.
माझ्याकडे वही आहे.

तात्यांनी सुरू केलेली, लाल कापडी पाठीची.
पहाटे पाचला, दर फर्लांगाला तीन ठिकाणी,
रेलजवळ, मध्ये, बाहेर,
मोडक्या छत्रीची दांडी जमिनीत रोवायची
आणि किती बोटं गेली ते लिहायचं.
पुण्याहून आलेलं यंत्रही
दांडी सांगते तेच सांगतं,
फक्त दशांशात.

डिसेंबरात ग्वाल्हेरचं धुकं
आधी किल्ला गिळतं, मग लष्कर, मग आमचा रोलर.
वळणावरच्या कडुनिंबांची सावली
अकरापर्यंत रेलवरून उठत नाही.
खालचा पाइप तात्यांच्या वयाचा, वॉल्व्ह गळका,
अर्ज वाचता वाचता तीन सेक्रेटरी बदलून गेले.
म्हणून शेवटच्या वळणाला आत चार बोटं,
बाहेर दोन.
आतला रस्ता जवळचा, हे भूमितीत खरं.
चिखल शाळेत गेलेला नाही.

अश्फाकच्या सुरमईला सलग तिसऱ्यांदा एक नंबर.
त्याचा आजा स्टेशन ते कंपू टांगा हाकायचा,
घरात घोडी आली ती तेव्हापासून.
"दीदी," तो म्हणाला,
"तुमच्या जमिनीचं आमच्याशी काय वाकडं आहे?"
हसत म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी महाडिकांच्या तबेल्यातून
गजकाचा डबा आला, मुरैन्याची, खुसखुशीत.
त्यांचा घोडा नऊ नंबरला.
निरोप एवढाच : रेल आहे तिथे बरी आहे.

गजक मी माळ्यांत वाटली.
मग त्याच माळ्यांना घेऊन
रात्रभर रेल बाहेर सरकवली, पाच हात, खुंटी-खुंटीने.
नियमात बसतं ते, आदल्या रात्रीपर्यंत बसतं.
वॉल्व्हला सायकलची ट्यूब आवळली,
काट्यांनी जमीन टोचली,
डबऱ्याकडून आणलेली सिंधची वाळू
टोपल्याटोपल्यांनी भोकांत झाडली.
पहाटे दांडी रोवली. तीन. अडीच. अडीच.
बोटं गारठली होती, मोजताना एकमेकांना चिकटत होती.

मग चहा पीत उगाच
वहीची मागची पानं उलटली.
गेल्या जानेवारीत, याच वळणावर,
एक नंबर महाडिकांना होता.
आत चार बोटं, माझ्याच अक्षरात.
रेल मी हलवली नव्हती.

चहावर साय धरली.

शर्यत सव्वातीनला झाली.
सुरमई चौथी आली, महाडिकांचा दुसरा.
बाहेरच्या गेटवाल्यांनी तक्रार लिहून दिली,
जमीन आतल्या बाजूला झुकवली म्हणून.
ती मी वहीत नीट चिकटवली.
अश्फाकने काही विचारलं नाही.
घोडीचा पुढचा खूर उचलून
अंगठ्याने आतून निपटून पाहिला,
आणि अंगठा कोरडा निघाला
म्हणून परत एकदा पाहिला.

ते गेल्यावर मी टोपली घेऊन बसले,
उखडलेली ढेकळं उलटी करून
एकेक जागच्या जागी दाबत.
तिची खूण ओळखू आली,
डावा नाल थोडा आत झिजलेला.
ती तेवढी भरायला वेळ लागला.

सोमवारी ट्यूब सुटली.
आत चार.
शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.