चारशे अठराची खिडकी

वाळूच्या टेकड्यांत दगड मिळत नाही.
झाडं म्हणावीत तर पाणवठ्यापाशी दोन, तीही वाकडी.
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात गवत होतं
आणि गवताची गाय होते.
बाकी काही होत नाही, असं एमिल म्हणतो.
एमिल माझा धाकटा भाऊ, सहाशे गुरांचा मालक.

लग्न करून पाहिलं होतं, एकतीस वर्षं.
घर बांधून पाहायचं राहिलं होतं.
एकसष्टाव्या वर्षी मी त्याच्याकडे मागितली
पवनचक्कीपलीकडची चौदा बाय बावीस फूट जागा
आणि गवताचे दोनशे दहा गठ्ठे, कोरडे, गच्च बांधलेले.

तो म्हणाला, "व्लास्ता, हा चारा आहे."
"भिंत आहे," मी म्हटलं.
"चाराच आहे."
दोघांचंही खरं होतं.

जोतं घातलं. गठ्ठ्यावर गठ्ठा चढवला,
सांध्यावर सांधा येऊ न देता, मधून सळ्या ठोकत.
ओळंबा सोडला की वारा त्याला झुलवायचा,
म्हणून पहाटे चारला सोडू लागले.
त्या घटकेला वारा झोपलेला असतो
आणि हेक्टर उठलेला:
त्याची शिट्टी, कुत्र्याचं एकच भुंकणं, फाटकाची साखळी.
जवळपास कुणाचं तरी काम चालू असलं
की आपलं काम वेडेपणा वाटत नाही.

लिंपायला चिकणमाती साठ मैलांवरून यायची होती.
ती यायच्या आदल्या रात्री
चारशे अठरा तार ओलांडून आली.
कानात पिवळा बिल्ला, पोटात चार महिन्यांचं वासरू.
सकाळी पाहते तर उत्तरेची भिंत
माझ्या कमरेपासून तिच्या मानेपर्यंत
खाल्लेली.
आणि ती तिथंच बसून रवंथ करतेय,
घाई नाही, ओशाळणं नाही,
माझं घर तिच्या एका पोटातून दुसऱ्यात चाललंय.

मी फावडं उचललं होतं. खोटं कशाला बोलू.
मग बसले, खोली होणार होती तिथं, उपड्या बादलीवर.
भोकातून टेकडी दिसली,
टेकडीवरून उतरलेली गुरांची पायवाट,
पाण्याची टाकी, टाकीत उलटं आभाळ.
माझ्या नकाशात उत्तरेला खिडकी नव्हती.
उत्तरेकडून इथं फक्त थंडी येते,
शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.

हेक्टर म्हणाला, "चार-पाच गठ्ठे आणतो, तासाचं काम."
मी म्हटलं, "चौकट आण."

एमिल कुंपणाला रेलून एवढा हसला
की त्याची टोपी वाऱ्यानं नेली. अजून सापडलेली नाही.
"हिवाळा वाईट निघाला ना," तो म्हणाला,
"तर आधी तुझं घर घालीन गुरांना."
"घाल," मी म्हटलं,
आणि म्हटल्यावर कळलं, मी थट्टा करत नव्हते.

हिवाळा बेताचाच निघाला.
घर आतून-बाहेरून हातांनी लिंपलेलं,
कोपऱ्यात माझा अंगठा उमटलाय, तो मुद्दाम ठेवला.
भिंत हातभर जाड. वारा आत येत नाही, आवाजही नाही.
फक्त मार्चमध्ये, गायी विण्याच्या दिवसांत,
रात्री दोनला हेक्टरचा कंदील खिडकीतून येतो,
छतावरून सरकतो, जातो.
मी उठते. कधी कधी कोमट पाणी घेऊन मागोमाग जाते.

चारशे अठराला कालवड झाली.
"हिला काय नंबर देऊ?" एमिलनं विचारलं.
तो असं कधी कुणाला विचारत नाही.
मला सुचलं नाही काही. दोन दिवसांनी त्यानंच दिला.

रोज काचेवर बाहेरून
जिभेचा पट्टा असतो, खालून वर, रुंद.
आधी पुसायचे.
आता उजाडलं की पहिल्यांदा तो दिसतो,
मग टेकडी.